वाय-फाय, ब्लूटूथ बंद करूनही चालूच? या चुका टाळा

रात्री ब्लूटूथ बंद केलं आणि सकाळी पाहावं तर ते पुन्हा चालू. आयफोनवर हे सर्रास होतं आणि त्यात फोनचा बिघाड नसतो. 2017 मध्ये आलेल्या आयओएस 11 पासून कंट्रोल सेंटरमधलं (स्क्रीनच्या कडेवरून ओढून उघडणाऱ्या झटपट बटणांच्या पडद्यातलं) बटण दाबलं की फक्त जोडणी तुटते. ॲपलचं घड्याळ, एअरड्रॉप (जवळच्या ॲपल उपकरणांना फाइल पाठवण्याची सोय) चालत राहावं म्हणून रेडिओ, म्हणजे लहरी पाठवणारा भाग, चालूच ठेवला जातो. पहाटे 5 वाजता किंवा फोन रीस्टार्ट झाला की सगळं पूर्ववत. खरंच बंद करायचं तर सेटिंग्जमध्ये जाऊन करा. (बटण फिकं पडलं की बंद झालं, असंच कुणीही समजणार. हा दोष वापरणाऱ्याचा नाही.)

अँड्रॉइडवर मुख्य बटणावर विसंबू नका. लोकेशनच्या सेटिंगमध्ये वाय-फाय स्कॅनिंग आणि ब्लूटूथ स्कॅनिंग वेगळे असतात. ते चालू असतील तर वाय-फाय बंद असतानाही आसपासचा शोध सुरू राहतो. 'वाय-फाय आपोआप चालू करा' हा पर्यायही पाहून घ्या.

'माझा फोन कुणाच्या यादीत दिसत नाही, मग ब्लूटूथ चालू असलं तर काय बिघडलं?' हा भ्रम आहे. 2017 मध्येच आर्मिस या सुरक्षा कंपनीने उघड केलेल्या 'ब्लूबॉर्न' त्रुटींचा फायदा घेऊन हल्ला करायला पेअरिंगही (दोन उपकरणं आधी जोडणं) लागत नव्हतं आणि फोन दिसण्याचीही गरज नव्हती. ब्लूटूथ चालू असणं पुरेसं होतं. त्यामुळे अपडेट टाळू नका.

पण म्हणून सगळं सरसकट बंदही करू नका. कीबोर्ड आणि माउस दोन्ही ब्लूटूथचे असतील, तर डेस्कटॉपवर ब्लूटूथ बंद केल्यावर ते चालू करायचं कशाने? एक वायरचा माउस जवळ असू द्या. याच कारणासाठी नव्या मशीनवर ब्लूटूथ आधीपासून चालू असणं मला पटतं. पण एकदा मी बंद केलं की रीस्टार्टनंतरही ते बंदच राहिलं पाहिजे.

लिनक्सवर ब्लूटूथ दर वेळी आपोआप सुरू होत असेल तर ब्लूटूथच्या मेन.कॉन्फ (main.conf) या सेटिंगच्या फाइलमध्ये 'ऑटोएनेबल' (AutoEnable) फॉल्स करा. उलट वाय-फाय चालूच होत नसेल, तर ड्रायव्हर पुन्हा पुन्हा टाकण्याआधी टर्मिनलमध्ये 'आरएफकिल लिस्ट' (rfkill list) ही कमांड चालवा. 'सॉफ्ट ब्लॉक्ड' (सॉफ्टवेअरने अडवलेलं) असेल तर 'आरएफकिल अनब्लॉक'ने सुटतं. 'हार्ड ब्लॉक्ड' (हार्डवेअरने अडवलेलं) दिसलं तर कमांडने काही होणार नाही. लॅपटॉपच्या कडेचा स्विच, फंक्शन की किंवा बायोस (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंग्ज) तपासा.