यूव्ही प्लँटच्या पाण्यात नको ती द्रव्ये तयार होऊ नयेत म्हणून घ्यायची काळजी

अतिनील किरणांनी, म्हणजेच यूव्हीने, पाणी निर्जंतुक करताना त्यात काहीच मिसळावे लागत नसल्यामुळे अपायकारक उपपदार्थ निर्माण होत नाहीत, अशी समजूत ग्रामपंचायतींत, वसतिगृहांत आणि जार भरून देणाऱ्या प्लँटवर सर्रास आढळते. ती बऱ्याच अंशी खरी असली तरी पूर्ण खरी नाही, कारण हे किरण जंतूंबरोबरच पाण्यात आधीपासून विरघळलेल्या द्रव्यांवरही पडतात. म्हणून यंत्राची चौकशी करण्याआधी पाण्याची चौकशी करावी.

मराठवाड्यात ही चौकशी नायट्रेटपासून सुरू झाली पाहिजे. शेतातील खते, गोठे, उकिरडे आणि शौचालयांचे शोषखड्डे यांतून झिरपणारे नायट्रेट येथील अनेक विहिरी-बोअरमध्ये उतरलेले आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम असून तीत कोणतीही सवलत नाही. पाण्याचा नमुना भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत तपासून घ्यावा. पावसाळ्यानंतर तो पुन्हा तपासणे शहाणपणाचे ठरते. यूव्हीने नायट्रेट निघून जात नाही आणि पाणी उकळले तर त्याचे प्रमाण उलट वाढते.

यानंतर दिवा कोणत्या प्रकारचा आहे, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे. घरगुती आणि लहान प्लँटमध्ये बहुधा कमी दाबाचा पाऱ्याचा दिवा असतो. त्याचे निर्जंतुक करणारे किरण २५४ नॅनोमीटरचे असतात आणि नेहमीच्या मात्रेत त्यांच्यामुळे नायट्रेटवर नगण्य परिणाम होतो. मोठ्या योजनांमध्ये मात्र मध्यम दाबाचे दिवे बसवले जातात. त्यांचे किरण सुमारे २०० नॅनोमीटरपासून पुढे पसरलेले असतात आणि त्यांपैकी २४० नॅनोमीटरच्या खालचे किरण नायट्रेटचे नायट्राइट करतात. नायट्राइट रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटवते, त्यामुळे बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांना त्याचा धोका सर्वांत मोठा असतो. जागतिक आरोग्य संघटनेची नायट्राइटसाठीची मर्यादा लिटरला अवघी ३ मिलिग्रॅम आहे. असा दिवा असल्यास २४० नॅनोमीटरखालचे किरण अडवणारी क्वार्ट्झची नळी मागावी आणि दिव्याच्या आधीचे व नंतरचे पाणी नायट्राइटच्या चाचणीपट्टीने तपासावे. आधीच्या पाण्यात पट्टी पांढरी राहून नंतरच्या पाण्यात ती गुलाबी होत असेल, तर नायट्राइट प्लँटमध्येच तयार होत आहे. अशा वेळी ते पाणी बाळांसाठी वापरू देऊ नये आणि पुरवठादाराला तातडीने बोलवावे. शिवाय दिवा ओझोन निर्माण न करणारा आहे, याचीही खात्री करून घ्यावी.

टीसीएल पावडरही, म्हणजे क्लोरीन देणारी ब्लीचिंग पावडरही, वापरली जात असेल, तर तिचा डोस यूव्हीच्या नंतर द्यावा. आधी दिलेल्या क्लोरीनचा काही भाग किरणांनी मोडतो, त्यातून अतिशय क्रियाशील कण तयार होतात आणि ते पाण्यातील सेंद्रिय द्रव्यांशी अभिक्रिया करतात. उलट, नायट्रेट असलेल्या पाण्यावर मध्यम दाबाचे किरण सोडून मग क्लोरीन दिले, तर क्लोरोपिक्रिनसारखी अपायकारक उपद्रव्ये वाढू शकतात. दोन्ही बाजूंनी उपाय एकच: सेंद्रिय द्रव्ये आधीच कमी करावीत. उन्हाळ्यात जायकवाडी किंवा मांजरा धरणाचा साठा तळाला गेला की गाळ आणि शेवाळाचा अंश असलेले पाणी येऊ शकते, तेव्हा वाळूच्या आणि कार्बनच्या फिल्टरकडे दुर्लक्ष करणे महागात पडते. किरण मोठ्या सेंद्रिय रेणूंचे तुकडे करतात, ते तुकडे जंतूंचे खाद्य ठरतात आणि टाकीत जंतू पुन्हा वाढतात. यूव्हीचा प्रभाव दिव्यापाशीच संपतो, म्हणून नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरला ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावे. गावाचे पाणी तपासणाऱ्या जलसुरक्षकाच्या ओटी टेस्टमध्ये, म्हणजे क्लोरीनच्या चाचणीत, पाण्याला पिवळी छटा यावी.

रात्रभर पाणी थांबलेले असताना दिवा चालूच राहिला, तर तेच पाणी ठरलेल्या मात्रेच्या कितीतरी पट किरण खाते आणि गरमही होते. सकाळचे पहिले पाणी पिण्यासाठी न भरता सोडून द्यावे.

येथील पाणी जड असल्यामुळे क्वार्ट्झच्या नळीवर हाताला खरखरीत लागणारा पांढरा थर बसतो. किरण कमी पडत आहेत म्हणून जास्त वॅटचा दिवा बसवण्याआधी हा थर काढावा. त्यासाठी वीज बंद करून नळी लिंबूसत्त्वाच्या द्रावणात भिजवावी, मऊ कापडाने पुसावी आणि भरपूर पाण्याने धुवावी. पेटलेल्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी कधीही पाहू नये.

दिवा फुटल्यास त्यातील पारा पाण्यात उतरू शकतो, त्यामुळे पुरवठा तत्काळ थांबवून टाकी रिकामी करावी. तुकडे झाडूने न झाडता, हातमोजे घालून जाड कागदाने उचलावेत, झाकणाच्या बरणीत बंद करावेत आणि नेहमीच्या कचऱ्यात न टाकता घातक कचरा म्हणून सोपवावेत. पाण्याची पाऱ्यासाठी तपासणी होईपर्यंत गावाला टँकरचे पाणी द्यावे.