कोकणातली नदी टाकीत मांडताना या चुका टाळा

ऑक्टोबरमध्ये पाऊस ओसरला की गावच्या नदीवर एखाद्या कोंडाच्या, म्हणजे खोल डोहाच्या, काठी अर्धा तास नुसतं बसून बघा. पुरुषभर पाण्याखालचा तळ दिसत असतो. गोट्यांना चिकटून मळ्या मासा शेवाळ खरवडत असतो, त्याच्या वर खवली माशांचा थवा प्रवाहाकडे तोंड करून एका जागी तरंगत असतो. कडेच्या फटीत रुजलेल्या क्रिप्टोकोरीनची अरुंद, पिळदार पानं पाण्याबरोबर हेलकावत असतात. हे घरात माशांच्या टाकीत मांडावं असं ज्याला वाटतं त्याच्यासाठी हे लिहितोय. आजवर बिघडलेल्या बऱ्याच टाक्या बघितल्या, माझ्याही बिघडल्या. मूळ चूक बहुतेक ठिकाणी एकच निघते: नदी डोक्यात असते, पण तिचा कुठला तुकडा आणि कुठल्या महिन्यातला, हे ठरलेलं नसतं.

सगळी नदी एकाच टाकीत

आपल्या नद्या आखूड. शास्त्री प्रचितगडाच्या बाजूला सह्याद्रीत उगम पावते, संगमेश्वरावरून जाते आणि जयगडला समुद्राला मिळते. एवढ्याशा वाटेत ती तीन रूपं घेते. वर गोट्यांवरून धावणारा खळाळ, मध्ये सावलीतले संथ कोंड, खाली भरतीचं मचूळ पाणी. तिन्ही ठिकाणचे मासे आणि वनस्पती वेगळ्या, कारण पाणीच वेगळं.

तरी लोक काय करतात? खळाळातला मळ्या, कोंडातली वनस्पती आणि कोणीतरी खाडीतून आणून दिलेली काळुंदराची पिल्लं एकत्र सोडतात. काळुंदर मूळ निमखाऱ्या पाण्यातला, वीतभर आणि त्याहून मोठा होणारा, त्यात कोवळी पानं खाणारा. सहा महिन्यांत लावलेल्या वनस्पतींचे नुसते बुडखे उरतात. डेनिसन बार्बचंही तसंच. तो पश्चिम घाटातलाच म्हणून 'आपला' समजून घेतात, पण तो केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या नद्यांमधला, तिथेही संकटात आलेला. कोकणच्या टाकीत त्याचं काम नाही.

महिना ठरवणंही तितकंच गरजेचं. बहुतेक नद्या एप्रिलपर्यंत डबक्याडबक्यांत तुटतात. वाशिष्ठी मात्र बारमाही वाहते, कारण कोयनेच्या वीजघरांतून सुटणारं पाणी तिच्यात येतं. तेव्हा मे महिन्यातल्या वाशिष्ठीचा फोटो समोर ठेवून शेजारच्या व्हाळाची, म्हणजे ओढ्याची, टाकी लावू नका. मी स्वतः ऑक्टोबर-नोव्हेंबरचा कोंड धरतो: मध्यम प्रवाह, निवळ पाणी, वरून झाडांची सावली. तीन फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच टाकी त्याला पुरते. काठोकाठ भरली तर साधारण 190 लिटर, म्हणजे नुसत्या पाण्याचंच 190 किलो. त्यावर गोटे आणि वाळू. स्टँड त्या हिशोबाने करून घ्या.

पुळणीवरची वाळू

ही चूक मी केली म्हणून जरा सविस्तर सांगतो. घरापासून समुद्र जवळ, वाळू फुकट. पोतंभर आणली, सात-आठ पाण्यांनी धुतली, मीठ गेल्याची खात्री केली आणि टाकीत पसरली. महिनाभरात क्रिप्टोकोरीनच्या (आम्ही नुसतं क्रिप्टो म्हणतो) नव्या पानांचा रंग उडाला, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. ही लोह न मिळाल्याची खूण. खत घालत राहिलो, उपयोग शून्य.

एका संध्याकाळी चिमूटभर वाळू बशीत घेऊन तिच्यावर लिंबू पिळलं. क्षणात बारीक बुडबुडे उठले, कान जवळ नेला तर चरचर ऐकू येत होती. पुळणीच्या वाळूत शिंपल्यांचा चुरा असतो, म्हणजे चुनाच. तो हळूहळू विरघळून पाणी जड करतो, पीएच वर चढवतो, आणि अशा पाण्यात लोह असलं तरी मुळांना सहज घेता येत नाही. मीठ धुऊन जातं, शिंपले जात नाहीत. आता कुठलीही वाळू किंवा दगड आणला की आधी लिंबू. फसफसलं तर ते टाकीबाहेर.

जांभ्यात लोह भरपूर, त्यामुळे त्याचा चुरा मुळांखाली घालायची पद्धत जुनी आणि चांगली आहे. पण तो वर उघडा ठेवलात तर पाणी पहिल्या पावसातल्या नदीसारखं तांबडं होईल. पातळ थर तळाशी, त्यावर दोन इंच धुतलेली जाडसर वाळू. फार बारीक वाळूचा फार जाड थर नको. आत हवा पोचत नाही, ती काळी पडते आणि ढवळली की कुजकट वास येतो.

विहिरीचं पाणी चांगलंच, पण

जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ आणि किंचित आम्लाकडे झुकलेलं, आपल्या माशांना मानवणारं. किनाऱ्यालगतच्या विहिरी मात्र उन्हाळ्यात मचूळ होतात. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर स्वस्त मिळतो, मार्चनंतर दर वेळी बुडवून बघा.

पावसाळ्यात धोका वेगळा. सार्वजनिक विहिरीत जंतू मारायला टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, पडते, आणि ती पडलीच पाहिजे, माणसांच्या तब्येतीचा प्रश्न आहे. पण त्याच दिवशी ते पाणी टाकीत गेलं तर क्लोरीन माशांचे कल्ले भाजतो आणि फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मारतो. पाणी उघड्या बादलीत दिवसभर ठेवा किंवा माशांच्या दुकानात मिळणारा, क्लोरीन घालवणारा हायपो वापरा.

पागोळ्यांचं पाणी मऊ म्हणून तेच भरत राहणं हीही चूक. त्यात पीएच सांभाळणारे क्षार जवळपास नसतात, त्यामुळे तो अचानक घसरू शकतो. अशा वेळी फिल्टरमध्ये मूठभर शिंपले ठेवले की सावरतो. वाळूत मिसळलेले शिंपले काढता येत नाहीत, फिल्टरमधले हवे तेव्हा काढता येतात.

बागेतला पालापाचोळा

कोंडाच्या तळाशी पाला असतोच. देशी बदामाची झाडावर पिकून गळलेली, पूर्ण वाळलेली पानं उत्तम. पाणी फिक्या चहाच्या रंगाचं होतं, त्याने घाबरायचं कारण नाही. पण हापूसच्या किंवा काजूच्या बागेतली पानं कधीही घेऊ नका. मोहोराच्या दिवसांत तिथे कीटकनाशकं फवारली जातात, आणि त्यातली सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातली औषधं माशांना अत्यंत विषारी असतात, अगदी थोडी असली तरी. घराला लागून बाग असेल तर फवारणीच्या दिवशी एअर पंप बंद ठेवून टाकी ओल्या चादरीने झाका आणि फवारा बसला की पंप पुन्हा चालू करा.

टाकीत लाकूड ठेवलंत तर त्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पांढरी बुळबुळीत साय धरते. ती आपोआप जाते.

पानं विरघळली म्हणून उपटणं

क्रिप्टो लावल्यावर आठ-दहा दिवसांत त्याची पानं काचेसारखी होऊन विरघळतात. लोक समजतात वनस्पती मेली, आणि उपटून टाकतात. मुळं घट्ट असतील तर हात लावू नका. नर्सरीत बहुतेक वनस्पती पाण्याबाहेर वाढवलेल्या असतात, पाण्याखाली गेल्यावर त्या जुनी पानं टाकून नवी काढतात. आपल्या नदीतलं क्रिप्टोकोरीन तर दर वर्षी हेच करतं: पावसात बुडतं, उन्हाळ्यात उघडं पडतं, कंद तग धरतो. सडलेली पानं तेवढी काढा आणि महिनाभर थांबा. तोवर लाइट सहा तासांच्या वर नको, खिडकीचं ऊन तर नकोच, नाहीतर मोकळ्या जागेवर आधी शेवाळ चढतं.

मासेही याच काळात घाईने सोडू नका. माशांच्या मलमूत्रातला अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वस्तीला यायला चार ते सहा आठवडे लागतात.

वीज गेली की

जूनमध्ये वारा सुटला की आपल्याकडे तास न् तास वीज नसते. 30 अंशांच्या पाण्यात प्राणवायू 20 अंशांपेक्षा जवळपास सहाव्या भागाने कमी मावतो, आणि रात्री वनस्पतीही तोच वापरतात. पहाटे मासे वर येऊन तोंड उघडझाप करत असतील तर कारण हेच. बॅटरीवर चालणारा एअर पंप पावसाआधी घेऊन ठेवा. बाहेरचा बंद डब्याचा फिल्टर काही तास थांबला असेल, तर वीज आल्यावर तो तसाच सुरू करू नका. आतलं सडकं पाणी आधी ओतून टाका, स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळा, मग बटण दाबा.

आणि त्याच जूनमध्ये चढणीचे मासे वर निघतात, अंडी घालायला. टाकीसाठी त्यांना पकडू नका. जास्त झालेले मासे, विशेषतः दुकानातून आणलेले गप्पी किंवा काच चाटणारे सकर, व्हाळात सोडू नका. कोणाला तरी द्या, किंवा दुकानदाराला परत करा.