जुन्या पिकअपला एसी बसवताना

जुन्या पिकअपला एसी बसवायचा म्हटले की बहुतेकांची नजर आधी डॅशबोर्डखाली जाते: कूलिंग कॉइलची पेटी तिथे मावेल का, हवेच्या जाळ्या कुठे काढायच्या, बटणे कशी दिसतील. माझ्या अनुभवात मात्र ही कामे पेटीमुळे क्वचितच फसतात, फसतात ती बोनेटखाली. केबिनमधली उष्णता उचलून गाडीच्या नाकापाशी नेऊन टाकणे एवढेच एसीचे काम असते, आणि मुळात एसी गृहीत न धरता बांधलेल्या गाडीत ती टाकायला जागा, वारा आणि वीज हे तिन्ही बेताचेच असते. म्हणून सुट्या भागांची खरेदी करण्याआधी गाडीचे कूलिंग आणि चार्जिंग तपासावे.

रेडिएटरमध्ये गाळ साचलेला असेल, पंख्याभोवतीचे आवरण कोणीतरी काढून ठेवलेले असेल किंवा इंजिन चढावर आधीच तापत असेल, तर ते दोष प्रथम दूर करावेत. कन्डेन्सर, म्हणजे गॅसमधली उष्णता बाहेरच्या हवेत टाकणारी जाळी, रेडिएटरच्या पुढे बसतो, त्यामुळे रेडिएटरला यापुढे गार नव्हे तर तापलेली हवा मिळणार असते. पंख्याचे आवरण हा भाग दिसायला अगदी क्षुल्लक असला तरी तो नसेल तर पंखा रेडिएटरमधून हवा ओढण्याऐवजी आजूबाजूचीच हवा घुसळत राहतो, आणि गाडी उभी असताना एसी गार करेनासा होतो. विजेचा हिशेबही कागदावर मांडावा. कॉम्प्रेसरचा (गॅस दाबणाऱ्या पंपाचा) क्लच, म्हणजे त्याला बेल्टच्या पुलीशी जोडणारा-सोडणारा विजेचा भाग, ३ ते ४ अँपिअर घेतो, ब्लोअर (केबिनमध्ये हवा ढकलणारा पंखा) पूर्ण वेगात १५ अँपिअरच्या आसपास जातो आणि इलेक्ट्रिक पंखा लावला तर तोही जवळपास तेवढेच मागतो. ३५-४० अँपिअरच्या जुन्या अल्टरनेटरवर (गाडीची वीज बनवणाऱ्या यंत्रावर) हेडलाइट आणि वायपरसह हा भार टाकला, तर रात्रीच्या पावसात बॅटरी हळूहळू उतरत जाते.

दुसरे पूर्वतयारीचे काम म्हणजे केबिनमध्ये शिरणारी उष्णता अडवणे. पिकअपची केबिन लहान असली तरी तिचा छताचा पत्रा, सीटमागची भिंत, पायाखालची सायलेन्सरची नळी आणि इंजिनाकडची फायरवॉल या सगळ्यांतून उष्णता आत येते. सीट आणि गालिचा काढून जमिनीवर, फायरवॉलवर आणि मागच्या भिंतीवर उष्णतारोधक थर चिकटवावा, दारांची रबरे बदलावीत आणि पायाचा क्लच, ब्रेक, स्टिअरिंग व तारा ज्या भोकांतून जातात ती भोके बुजवावीत. हे काम कंटाळवाणे आहे आणि पाहुण्यांना दाखवता येत नाही, म्हणून लोक ते टाळतात.

संच निवडताना कॉम्प्रेसर, कन्डेन्सर, ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारी डबी) आणि एक्स्पान्शन व्हॉल्व्ह (कूलिंग कॉइलमध्ये गॅस मोजून सोडणारी झडप) एकमेकांना जुळणारे आणि आर-१३४ए या गॅससाठी बनवलेले घ्यावेत. गाडीला पूर्वीचा आर-१२ गॅसवरचा एसी असेल, तर त्यातले मिनरल ऑइल आर-१३४ए मध्ये मिसळत नाही, ते कॉइलमध्येच पडून राहते आणि कॉम्प्रेसर कोरडा पडतो. म्हणून जुने भाग वापरायचेच असतील तर आतून धुऊन घ्यावेत, आणि ड्रायर व ओ-रिंगा (नळ्यांच्या जोडांतली गोल रबरी कडी) मात्र नव्याच घ्याव्यात. आर-१३४ए ची उष्णता टाकायला कन्डेन्सरही जास्त कार्यक्षम लागतो. जुन्या गोल नळ्यांच्या कन्डेन्सरऐवजी चपट्या नळ्यांचा पॅरलल-फ्लो प्रकार, आणि तोही ग्रिलमागे मावेल तेवढा मोठा, घ्यावा.

प्रत्यक्ष जोडणीची सुरुवात कॉम्प्रेसरपासून करावी, कारण त्याची जागा ठरली की बाकी नळ्यांचे मार्ग ठरतात. ब्रॅकेट आपल्या इंजिनासाठीच बनवलेले मिळाले तर उत्तम. घरी बनवायचे असेल तर जाड पट्टी वापरावी आणि ते इंजिनाच्या किमान दोन वेगवेगळ्या ठिकाणी बांधावे, कारण क्लच दर वेळी झटक्याने पकडतो आणि पातळ ब्रॅकेट काही महिन्यांत तडकते. इंजिनाच्या क्रँक पुलीच्या (बेल्ट फिरवणाऱ्या चाकाच्या) तोंडावर एक सरळ पट्टी टेकवून ती कॉम्प्रेसरच्या पुलीपर्यंत न्यावी आणि दोन्ही खाचा एका रेषेत येतात का ते पाहावे. मी एकदा या बाबतीत ‘चालेल’ म्हणून सुमारे तीन मिलिमीटरचा फरक सोडून दिला होता. पंधरा दिवसांत बेल्टची एक कड झिजून तिच्यातले धागे बाहेर आले आणि रबराची काळी भुकटी सगळ्या बोनेटखाली पसरली. एक पातळ वॉशर घातल्यावर तो प्रश्न मिटला.

कन्डेन्सर आणि रेडिएटर यांच्यात सहा ते बारा मिलिमीटर अंतर राहील असे पाहावे, आणि दोघांच्या कडांमधली फट फोमच्या पट्टीने बंद करावी, नाहीतर हवा सोपा रस्ता धरून बाजूने निघून जाते. प्लॅस्टिकच्या खिळ्यांनी कन्डेन्सर थेट रेडिएटरच्या जाळीला टाचण्याची पद्धत आढळते, पण हादऱ्यांनी जाळी फाटते, म्हणून तो चेसिसला किंवा रेडिएटरच्या चौकटीलाच बांधावा.

आतल्या पेटीबाबत तीन गोष्टी सांभाळल्या म्हणजे पुरे. हीटर आणि एसी एकाच पेटीत असतील तर गरम पाण्याच्या नळीवर पूर्ण बंद होणारा व्हॉल्व्ह हवा, कारण थोडे गरम पाणी झिरपत राहिले तरी तेवढ्याने गारवा मारला जातो. थर्मोस्टॅटची बारीक नळी कॉइलच्या पंखांमध्ये नीट खोचावी, म्हणजे कॉइल शून्य अंशाच्या जवळ जाताच क्लच सुटतो आणि कॉइलवर बर्फ धरत नाही. पाणी बाहेर नेणाऱ्या नळीचे फायरवॉलमधले भोक पेटीच्या तळापेक्षा खाली असावे आणि नळीला कुठेही वर चढ नसावा. ही नळी दुमडली गेली तर पहिल्या वळणावर सगळे पाणी शेजारी बसलेल्याच्या बुटात जाते, आणि तो माणूस पुढे वर्षभर ते ऐकवतो.

होज कापण्याआधी दोन्ही टोकांची फिटिंग हाताने बसवून, होज गाडीत प्रत्यक्ष ठेवून, फिटिंग आणि होजवर खडूने एकच आडवी रेघ मारावी आणि मग ती क्रिंप करायला, म्हणजे फिटिंग यंत्राने दाबून पक्के करायला, न्यावी. तसे केले नाही तर क्रिंप झाल्यावर कोन चुकतो आणि जाड होजला पीळ देऊन बसवण्याची वेळ येते. एक्झॉस्टपासून होज दूर ठेवावी आणि पत्र्यातून जाते तिथे रबरी कडे घालावे. प्रत्येक ओ-रिंगला कॉम्प्रेसर ऑइलचे बोट लावावे, नट आधी हाताने पूर्ण फिरवावा आणि शेवटचा आवळा दोन पाने लावून द्यावा: एकाने फिटिंग धरावे, दुसऱ्याने नट फिरवावा. एकाच पान्याने आवळल्यास अॅल्युमिनियमची नळी पिळली जाते. ड्रायर अगदी शेवटी उघडावा, कारण त्यातले ओलावा शोषणारे दाणे मोकळ्या हवेत काही तासांतच निकामी होऊ लागतात.

विजेची जोडणी रिले आणि स्वतंत्र फ्यूजमधून करावी, आणि क्लचच्या तारेत प्रेशर स्विच अवश्य घालावा. गॅस गळून गेल्यावर किंवा दाब अतोनात वाढल्यावर तोच कॉम्प्रेसर वाचवतो. लहान इंजिन आयडलवर दबत असेल, तर एसी चालू होताच रेस थोडी वाढवणारा सोलेनॉइडही लावावा.

गॅस भरण्याआधी व्हॅक्यूम पंप किमान पाऊण तास चालवावा. हवा काढणे हा त्याचा एक हेतू झाला. दुसरा, अधिक महत्त्वाचा हेतू म्हणजे ओलावा घालवणे, कारण दाब ३२ मिलिबारपर्यंत उतरला की पाणी २५ अंशांनाच उकळून वाफेच्या रूपात निघून जाते. पंप बंद केल्यावर अर्धा तास गेजचा (दाब दाखवणाऱ्या मापकाचा) काटा हलू नये. हलला, तर गॅस भरून ‘बघू’ म्हणण्यापेक्षा गळती शोधावी. त्यासाठी रेग्युलेटर लावलेला नायट्रोजन आणि साबणाचे पाणी वापरावे. ऑक्सिजन कधीही वापरू नये, तेलाशी गाठ पडल्यास स्फोट होतो.

गॅस वजनाने भरावा. बऱ्याच पिकअपना ६०० ते ९०० ग्रॅम पुरतो, पण संचाबरोबर दिलेला आकडाच प्रमाण मानावा. डोळ्यांवर चष्मा आणि हातात मोजे हवेतच, कारण द्रवरूप गॅस त्वचेला क्षणात गोठवतो. इंजिन सुरू करण्यापूर्वी क्लचचा पुढचा भाग हाताने दहा-पंधरा वेळा फिरवावा, म्हणजे कॉम्प्रेसरच्या सिलिंडरमध्ये साचलेले तेल सरकते. इंजिन चालू असताना गॅसचा डबा उभा धरून फक्त लो साइडने (कॉम्प्रेसरकडे येणाऱ्या कमी दाबाच्या बाजूने) गॅस द्यावा आणि गेजचा हाय साइडचा (कॉम्प्रेसरमधून निघणाऱ्या जास्त दाबाच्या बाजूचा) व्हॉल्व्ह बंद ठेवावा. डबा उलटा धरला तर द्रव कॉम्प्रेसरमध्ये शिरतो, आणि द्रव दाबता येत नसल्याने आतल्या झडपा तुटतात.

बाहेर ३५ अंश असताना, इंजिनाची रेस मिनिटाला दीड हजार फेऱ्यांवर धरून, लो साइडला सुमारे ३० ते ४० आणि हाय साइडला २०० ते २४० पीएसआय (दाबाचे एकक) दिसणे समाधानकारक समजावे. दोन्ही काटे खाली असतील तर गॅस कमी आहे. लो साइड जवळपास व्हॅक्यूममध्ये जात असेल तर एक्स्पान्शन व्हॉल्व्ह किंवा ड्रायर तुंबला आहे. सर्वांत जास्त वेळा दिसणारा प्रकार मात्र वेगळाच असतो: गाडी धावताना उत्तम गारवा, आणि थांबली की हाय साइडचा काटा ३०० च्या पुढे. अशा वेळी गॅस काढण्याघालण्याच्या फंदात न पडता कन्डेन्सरवर पाण्याची बारीक फवारणी करावी. काटा लगेच खाली आला आणि केबिनमधल्या जाळीतून येणारी हवा गार झाली, तर दोष वाऱ्याचा आहे, आणि पाना घेऊन पुन्हा पंख्याकडे, त्याच्या आवरणाकडे आणि कन्डेन्सरच्या कडेच्या फटींकडे जावे.