नोटरीला घरी बोलावताय? मग सह्या आधी करून ठेवू नका

आईच्या मांडीचं हाड मोडलं होतं, ती पलंगावर होती, आणि वडिलांच्या खात्यासाठी बँकेला तिचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र हवं होतं. नागपुरात त्रिमूर्तीनगरहून सिव्हिल लाइन्सच्या कोर्टापर्यंत तिला नेणं शक्यच नव्हतं. तेव्हा मी पहिल्यांदा नोटरीला घरी बोलावलं. पुढे सक्करदऱ्याच्या मावशीसाठी, मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात भरती असलेल्या शेजारच्या काकांसाठी, सोसायटीतल्या आजींसाठी हे काम कितीदा केलं त्याचा हिशेब नाही. आणि दर वेळी कुणीतरी येऊन तोच सल्ला देतं: "काहून एवढा ताप करून घेता बाप्पा? सह्या घेऊन ठेवा, शिक्के मारून आणून देतो." हा सल्ला ऐकू नका. का, ते खाली सविस्तर सांगते.

मुळात नोटरी लागते का?

पुष्कळ कामांना नोटरी लागतच नाही. सेतूतल्या बहुतेक दाखल्यांसाठी 2015 पासून साधं स्वघोषणापत्र चालतं. पेन्शनरांचा हयातीचा दाखला घरबसल्या मोबाईलवर चेहरा दाखवून होतो, पोस्टमनही घरी येऊन करून देतो. आजारी माणसाच्या खात्यातून पैसे काढायचे असतील तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेण्याची सोय रिझर्व्ह बँकेने दिलेली आहे. शाखा व्यवस्थापकाला भेटा. मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात, नोटरी नाही.

आणि काही ठिकाणी नोटरी करूनही काम होत नाही. भाडेकरार नोंदवावाच लागतो, 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे ती घरमालकाची जबाबदारी आहे. "नोटरी केली की झालं" म्हणणाऱ्या दलालाला हे कलम दाखवा. घर विकायचं कुलमुखत्यारपत्र असेल तर दुय्यम निबंधकाकडे जावं लागतं, आणि माणूस अंथरुणावर असेल तर नोंदणी कायद्यात निबंधकाने घरी येण्याचीही तरतूद आहे. तसा अर्ज करा. लग्न आणि घटस्फोट तर नोटरीपुढे होतच नाहीत; केंद्राच्या कायदा मंत्रालयाने 2024 मध्ये हे पुन्हा बजावून सांगितलं.

उरलं ते वारसाचं प्रतिज्ञापत्र, बँकेचं हमीपत्र, नावातल्या फरकाचं शपथपत्र, सत्यप्रती. यांच्यासाठी नोटरी बोलवा.

कागद

मसुदा बँकेकडूनच घ्या. ऑक्टोबर 2024 पासून प्रतिज्ञापत्राचा स्टॅम्प 100 रुपयांचा 500 झालाय. सरकारी दाखल्यांसाठी आणि कोर्टात द्यायच्या प्रतिज्ञापत्रांना तो माफ आहे. स्टॅम्प आईच्याच नावाने घ्या, तुमचं नाव 'हस्ते' म्हणून. घरात पडलेला जुना स्टॅम्प सहा महिन्यांनंतर चालत नाही. टाईप करून घेताना तारखेची जागा मोकळी ठेवा.

नोटरी निवडताना

फोनवर दोनच प्रश्न विचारा. "तुम्ही स्वतः येणार ना?" आणि "रजिस्टर सोबत आणणार ना?" दोन्हींचं उत्तर सरळ 'हो' आलं नाही तर फोन ठेवा. नेमणूक कुठल्या क्षेत्रासाठी आहे तेही विचारून घ्या, विशेषतः तुम्ही बेसा-बेलतरोडीकडे राहत असाल तर, कारण तो भाग नागपूर ग्रामीणमध्ये येतो. नियमाप्रमाणे नोटरीचा शिक्का गोल, 5 सेंटीमीटर व्यासाचा असतो आणि त्यावर नाव, क्षेत्र, नेमणाऱ्या सरकारचं नाव असतं. चौकोनी रबरी शिक्का पाहूनच समाधान मानू नका. बहुतेक नोटरी वकिली करणारे असतात, म्हणून कोर्टाआधीची सकाळ किंवा संध्याकाळी सहानंतरची वेळ मागा.

सहीची वेळ

मी पहिल्यांदा चुकले ती इथेच. घरी आला तो नोटरी नव्हता, त्यांचा माणूस होता. पिशवीत शिक्का, हातात स्टॅम्प पॅड. आईच्या सह्या घेतल्या, कागद नेले, संध्याकाळी शिक्का मारून आणून दिले. पंधरा मिनिटांत काम झालं म्हणून मी खूश. दहा दिवसांनी बँकेने कागद परत केला. नोटरी रजिस्टरचा अनुक्रमांक कुठेच नव्हता. विचारायला गेले तर रजिस्टरमध्ये आईच्या नावाची नोंदच नाही. स्टॅम्प वाया गेला, आईला पुन्हा उठवून बसवावं लागलं, आणि खातं आणखी महिनाभर अडकलं. त्या महिन्यात औषधांचे पैसे भावाने भरले.

नोटरीचं काम पाहण्याचं आहे. हा माणूस माझ्यासमोर होता, शुद्धीत होता, कागदात काय आहे ते त्याला कळत होतं आणि त्याने माझ्यासमोर सही केली, एवढंच तो सांगत असतो. ते त्याने पाहिलंच नसेल तर शिक्का खोटा आहे. उद्या एखाद्या चुलतभावाने कोर्टात "काकूंना कुठं काय समजत होतं?" असं विचारलं, तर तुमच्या बाजूने बोलणारा हा एकच तटस्थ माणूस असतो. म्हणून त्याने पाहिलंच पाहिजे.

तो आला की खोली रिकामी करा. दुसऱ्या वेळी जे नोटरी आले त्यांनी आईला विचारलं, "आजी, हा कागद कशाचा आहे?" आणि माझ्या आत्येभावाने उत्तर दिलं. त्यांनी पुन्हा विचारलं. पुन्हा त्यानेच दिलं. नोटरींनी पेन खिशात ठेवलं आणि म्हणाले, "यांना बोलू द्या, नाहीतर मी निघतो." तेव्हा मला राग आला होता. आज मी त्यांनाच बोलावते. आम्ही सगळे बाहेर गेलो, आणि आईने शांतपणे सांगितलं की तिच्या यजमानांच्या खात्यातले पैसे तिच्या नावावर करायचे आहेत. एवढंच पुरे असतं. म्हणून आदल्या दिवशी आईला कागद मराठीतून वाचून दाखवा. पाठ करून घेऊ नका, समजावून सांगा. बँकेचा मसुदा इंग्रजीत असेल तर 'मजकूर मराठीत वाचून दाखवला व समजला' ही ओळ त्यात घालाच.

ज्यांना खरोखरच काही कळत नाही, त्यांच्यासाठी नोटरी हा मार्गच नाही. तिथे पालकत्वासाठी वकिलाला भेटा. झोपेत अंगठा उठवून घेणारी माणसं मी पाहिली आहेत. तो त्या माणसाचा अपमान आहे आणि गुन्हाही आहे.

आता अंगठा. हात थरथरत असेल तर वेडीवाकडी सही ओढून घेण्यापेक्षा अंगठा बरा, फक्त बँकेला आधी विचारून घ्या. म्हाताऱ्या माणसांच्या अंगठ्यावरच्या रेषा झिजलेल्या असतात, त्यात हाताला खोबरेल तेल लावलेलं असलं की कागदावर नुसता जांभळा डाग उठतो. अंगठा साबणाच्या फडक्याने पुसा, पूर्ण कोरडा करा. शाई कमी घ्या. पाठीमागे उशी, मांडीवर परीक्षेचा पॅड, आणि अंगठा दाबायचा नाही, एका कडेवरून दुसऱ्या कडेपर्यंत हलकेच फिरवायचा. आधी कोऱ्या कागदावर दोनदा करून बघा. रेषा मोजता आल्या पाहिजेत. शेजारी 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा', नाव, आणि हे लिहिणाऱ्याचं नाव.

आणि कूलर बंद करा. मे महिन्यात हे सांगणं जिवावर येतं, पण कूलरच्या ओल्या हवेने स्टॅम्प पेपर मऊ पडतो, शाई पसरते, आणि झोताने कागद उडून ओल्या अंगठ्यावर बसतो. माझा एक पाचशेचा स्टॅम्प असाच गेला. पाच मिनिटं पंखाही नको. मग लगेच सुरू करा, आजारी माणूस आहे.

ओळख पटवणारा माणूस घरचा नको, शेजारचा चांगला. त्याचं आणि आईचं मूळ आधार कार्ड हाताशी ठेवा.

शेवटी रजिस्टर. आईची सही किंवा अंगठा रजिस्टरमध्येही झाला पाहिजे. त्यात तारीख, कागदाचा प्रकार, नाव-पत्ता, फी असे रकाने असतात. ते भरलेले बघा. मग तोच अनुक्रमांक आणि तारीख तुमच्या कागदावर लिहिलीय का, नोटरीचं तिकीट लागलंय का, प्रत्येक पानावर शिक्का आणि सही आहे का, खाडाखोडीवर आई आणि नोटरी दोघांच्याही सह्या आहेत का, हे नोटरी घरात असतानाच तपासा. हे विचारताना लाजू नका. चांगल्या नोटरीला त्याचं वाईट वाटत नाही.

पैसे

फी नियमाने ठरलेली आहे आणि दर ऑफिसच्या आत-बाहेर लावलेले असावे लागतात. येण्याजाण्याचा खर्च वेगळा घेता येतो, तो फोनवरच ठरवा. पावती मागा, ती देणं त्यांना बंधनकारक आहे. मग सगळ्या पानांच्या, स्टॅम्पच्या मागच्या बाजूसकट, दोन झेरॉक्स काढा. मूळ कागद बँकेत द्याल तेव्हा एका प्रतीवर पोच घ्या.