व्हिडिओ कॉलवर 'माफिया' कसा खेळायचा?

लहानपणी चिठ्ठ्या टाकून राजा-राणी-चोर-शिपाई खेळला असाल, तर माफिया चटकन समजेल. चोर इथेही लपलेलाच, फक्त तो रोज रात्री एकाला उडवतो. दिमित्री डेव्हिडॉफने मॉस्कोत १९८६च्या सुमारास काढलेला हा खेळ. २०१८चा 'अमंग अस' हा व्हिडिओ गेम त्याच्याच वंशातला. वेगळं ॲप लागत नाही.

आधी नऊ जण जमवा. एक सूत्रधार, तो खेळत नाही. उरलेल्या आठांत दोन माफिया, एक डॉक्टर, एक पोलीस, चार गावकरी. सूत्रधाराने घरीच चिठ्ठ्या काढून ज्याची त्याला व्हॉट्सॲपवर भूमिका कळवायची. माफियांना एकमेकांची नावंही सांगायची.

मग रात्र. समोरासमोर खेळताना डोळे मिटतात, इथे माइक आणि कॅमेरा दोन्ही बंद. आम्ही पहिल्या डावात नुसते माइक बंद केले होते. मावशीच्या चेहऱ्यावर फोनचा उजेड पडला, चष्म्यात चॅट चमकली, डाव तिथेच आटोपला! माफिया कोणाला मारायचं ते सूत्रधाराला मेसेजवर कळवतात, डॉक्टर कोणाला वाचवायचं ते. पोलीस एक नाव घेऊन 'हा माफिया आहे का' विचारतो, सूत्रधार 'हो' किंवा 'नाही' एवढंच सांगतो. गावकऱ्यांनीही आपला संशयित पाठवायचा. त्याचा उपयोग शून्य, पण मेसेज सगळ्यांचेच गेले की कॅमेरा उशिरा कोणी सुरू केला यावरून काही ताडता येत नाही. दोन माफियांची नावं जुळली नाहीत, तर त्या रात्री कोणी मरत नाही.

पहिल्या रात्री मात्र कोणालाच मारू नका, पोलिसाची चौकशी तेवढी होऊ द्या. नाहीतर हौसेने बसलेला भाचा पाच मिनिटांत बाद होतो, मग रडारड.

सकाळी सूत्रधार मेलेल्याचं नाव जाहीर करतो. प्रत्येकाला आधी अर्धा मिनिट द्या, मग पाच मिनिटं भांडा. नाहीतर ज्याचं नेट अडखळतं तो 'गप्प आहे, म्हणजे हाच' म्हणून फुकट फासावर जातो. मत चॅटमध्ये टाइप करून ठेवायचं आणि 'तीन' म्हटल्यावर सगळ्यांनी एकदम पाठवायचं. सर्वाधिक मतं ज्याला, तो बाद. बरोबरी झाली तर कोणीच नाही. बाद झालेल्याचा माइक बंद.

दोन्ही माफिया सापडले की गाव जिंकलं. माफिया आणि उरलेले संख्येने सारखेच झाले की माफिया जिंकले. सगळ्यात आधी मेलेल्याला पुढच्या डावाचा सूत्रधार करा, म्हणजे तो कॉल सोडून जात नाही.