केसा गातामे लागतो पण टिकत नाही? या चुका टाळा

केसा गातामे, म्हणजे ज्युडोत पाठीवर पडलेल्या पार्टनरला बाजूने दाबून धरायचा डाव, बघायला एकदम सोपा वाटतो. बाजूला बसायचं, मान धरायची, झालं. आणि मग तिसऱ्याच सेकंदाला आपण खाली आणि पार्टनर वर.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे मानेच्या मागे लागणं. नवीन माणूस सगळी ताकद मान आवळण्यात घालवतो, दंड भरून येतात, तोंड लाल होतं, आणि खालचा मात्र निवांत पडलेला असतो (मी स्वतः कितीतरी महिने हेच केलंय). खरा होल्ड दुसऱ्या हातात आहे. त्याचा आपल्या बाजूचा हात, कोपराजवळ स्लीव्ह पकडून वर ओढायचा आणि आपल्या बगलेत गच्च दाबून ठेवायचा. हा हात ढिला पडला की तो कोपर खेचून मॅटवर टेकवतो, कुशीवर वळतो आणि मग मान कितीही आवळा, काही उपयोग नाही. त्यामुळे पकड सुटतेय असं वाटलं की आधी बगल चेक करा, मान नंतर. शिवाय मान वर उचलून पिळू नका, दुखापत होते, आणि समोरच्याने टॅप केलं (हाताने थोपटून हार मानली) की लगेच सोडायचं.

दुसरी गडबड बसण्यात. आपली कंबर त्याच्या बगलेला चिकटलेली हवी, मध्ये फट नको, आणि वजन त्याच्या बरगड्यांवर हवं, आपल्या बुडावर नाही. फार पुढे झुकलात तर तो ब्रिज मारून (कंबर जोरात वर उचलून) तुम्हाला अंगावरून पलीकडे टाकतो, मागे रेललात तर सरळ उठून बसतो. डोकं खाली ठेवा. उलटायला लागलाच तर मानेखालचा हात काढून मॅटवर टेकवा, लाज बाळगू नका, परत पकडता येते.

पाय जवळजवळ ठेवू नका. एक पुढे, एक मागे, चांगले फाकवून. मागचा पाय त्याच्या पायांजवळ राहिला आणि त्याने तो दोन्ही पायांत अडकवला की रेफरी 'टोकेता' (पकड सुटली) म्हणतो, सेकंदांची मोजणी बंद. तो फिरला की तुम्हीही पाय सरकवत त्याच्यासोबत गोल फिरायचं, एका जागी रुतून बसायचं नाही.

आणि श्वास रोखू नका हो. पकड टिकली तर 10 सेकंदाला वाझा-आरी (अर्धा गुण), 20 ला इप्पोन (पूर्ण गुण, सामना जिंकला), तेवढं दम कोंडून निघत नाही.

एवढं करूनही एखादा दरवेळी ब्रिज मारून उलटवत असेल तर मान सोडा आणि तो हात त्याच्या पलीकडच्या बगलेखालून घाला. याला कुझुरे केसा गातामे म्हणतात, मला तर तोच जास्त भरवशाचा वाटतो.