कामगार कायद्याची वकिली: सुरुवातीच्या वर्षांतल्या या चुका टाळा

"साहेब, मी सीनियर एक्झिक्युटिव्ह होतो." समोरच्या माणसाने एवढं म्हटलं की नवा वकील पेन खाली ठेवतो. एक्झिक्युटिव्ह म्हणजे कामगार नाही, कामगार न्यायालयात उभं करता येणार नाही, विषय संपला. माझ्या ऑफिसात एका ज्युनियरने असंच एकाला जिन्यापर्यंत पोचवलं होतं. मी त्याला परत बोलावलं.

"दिवसभर करायचात काय?"
"मशीनवरच असायचो. टूल बदलायचं, रीडिंग लिहायचं."
"हाताखाली किती माणसं?"
"कोणी नाही."
"तुमची स्वतःची रजा कोण मंजूर करायचं?"

तो हसला. उत्तराची गरजच नव्हती. कामगार कोण, हे व्हिजिटिंग कार्डावरून नाही, मुख्यतः काय काम करतो त्यावरून ठरतं. पगाराची वरची मर्यादा फक्त सुपरवायझरी काम करणाऱ्याला आहे: जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात 10,000 रुपये, आता औद्योगिक संबंध संहितेत 18,000. तांत्रिक किंवा कारकुनी काम करणारा साठ हजार घेत असला तरी कामगारच. म्हणून पहिल्या भेटीत कायद्याचं पुस्तक बंद ठेवा आणि त्या माणसाचा एक पूर्ण दिवस, गेटमध्ये शिरल्यापासून बस पकडेपर्यंत, कागदावर उतरवून घ्या.

दुसरी चूक माझीच. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. एका कामगाराला गेटवर तोंडी सांगितलं होतं, "उद्यापासून येऊ नको." पत्र नाही, काही नाही. मी नोटीस पाठवली, उत्तराची वाट पाहिली, मग स्मरणपत्र. पत्र लिहिण्यात मी रमलो आणि 90 दिवस उलटून गेले. महाराष्ट्रात अनुचित कामगार प्रथांविरुद्ध 1971च्या कायद्याखाली तक्रार करायला तेवढीच मुदत आहे. सबळ कारण असेल तर कोर्ट उशीर माफ करतं, पण त्या अर्जावरच आमचं दीड वर्ष गेलं. त्या काळात तो माणूस भाजीची गाडी लावत होता. तेव्हापासून फाइलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने शेवटची तारीख लिहितो, वकीलपत्रावर सही घ्यायच्या आधी. बडतर्फीचा वाद थेट न्यायाधिकरणात न्यायचा तर जुन्या कायद्यात तीन वर्षं मिळत, संहितेत दोनच. लैंगिक छळाच्या तक्रारीला तीन महिने.

ठेकेदारामार्फत लावलेल्या कामगारांची केस आली की उत्साहात थेट यूएलपी, म्हणजे अनुचित कामगार प्रथेची, तक्रार ठोकू नका. कंपनी म्हणणार, ही आमची माणसंच नाहीत. मालक-कामगार हे नातंच वादात असेल तर ते आधी दुसऱ्या मार्गाने सिद्ध करून या, असं सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये सिप्लाच्या प्रकरणात सांगितलं. तेव्हापासून कित्येक तक्रारी याच दगडावर आपटून फुटल्या आहेत.

वर्षात 240 दिवस काम भरलं की सेवा सलग धरतात; हे गणित तर नव्यांपैकी निम्मे चुकवतात. मस्टरवरचे, म्हणजे हजेरीपटावरचे, 'पी' मोजतात आणि 215 आले की हात वर करतात. पगारी साप्ताहिक सुट्ट्या आणि पगारी सणवार धरायचे असतात; 1985 पासून हे ठरलेलं आहे. दुसरं म्हणजे हे दिवस सिद्ध करायची जबाबदारी कामगारावर आहे आणि "मी सलग काम केलं" एवढं शपथपत्र पुरत नाही. ईएसआयसी कार्ड, पीएफचं पासबुक, बँकेतल्या पगाराच्या नोंदी, गेटपास, शिफ्ट टाकायचा व्हॉट्सअॅप ग्रुप, सगळं मागा. मस्टर कंपनीकडे असतं, तर ते हजर करायला लावणारा अर्ज वेळेत द्या. माणसं म्हणतात, "कागद काहीच नाही." मग बायको घरून पिशवी घेऊन येते आणि त्यात सगळं निघतं.

कंपनीच्या बाजूने उभे राहत असाल तर एक परिच्छेद विसरू नका. अंतर्गत चौकशी सदोष ठरली तर आरोप कोर्टापुढे पुराव्याने सिद्ध करायची मुभा मिळावी, ही मागणी कैफियतीतच, म्हणजे कंपनीच्या लेखी उत्तरातच, करायची असते. 2001 मध्ये घटनापीठाने लक्ष्मीदेवम्मा प्रकरणात यावर शिक्कामोर्तब केलं. चौकशी रद्द झाल्यावर जाग येणारे ज्युनियर मी पाहिलेत. त्यांच्या सीनियरचे चेहरेही पाहिलेत. कामगाराच्या बाजूला याचाच जुळा भाऊ आहे: मागचा पगार मागताना, काढल्यापासून दुसरीकडे नोकरी नाही हे तक्रारीत लिहायचंच राहून जातं. 2013च्या दीपाली गुंडू सुरवसे निकालानंतर ही एक ओळ गाळायला सबब नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून चारही नव्या कामगार संहिता लागू झाल्यात म्हणून जुनी पुस्तकं रद्दीत घालू नका. आधीची प्रकरणं अजून वर्षानुवर्षं चालतील, आणि संहितेतले बरेचसे शब्द जुन्या कायद्यातूनच आलेत.

समेट अधिकाऱ्याकडे काळा कोट घालून जाऊ नका. तिथे वकिलाला पक्षकारातर्फे उभं राहता येत नाही. युनियनचा प्रतिनिधी बोलतो, आणि बहुतेक वेळा तो आपल्यापेक्षा बरं बोलतो. त्याच्याशी चहा घ्या. मॅटरही तिथूनच येतात.

राहिलं शपथपत्र. आपल्याला इंग्रजीत झोकदार मसुदा करायची हौस असते. एकदा उलटतपासात समोरच्या वकिलांनी माझ्या साक्षीदाराला शांतपणे विचारलं, "तुमच्या शपथपत्रात व्हिक्टिमायझेशन लिहिलंय. म्हणजे काय हो?" तो माझ्याकडे बघत राहिला. "हे कोणी लिहिलं?" "वकीलसाहेबांनी." "तुम्ही वाचलं होतं?" "नाही." कोर्टाच्या रोजनाम्यातल्या नोंदीपेक्षा ते 'नाही' जास्त दिवस लक्षात राहिलं. आता शपथपत्र मराठीत, त्याच्याच शब्दांत करतो, आणि सहीच्या आधी त्यालाच मोठ्याने वाचायला लावतो. जिथे तो अडखळतो ते वाक्य त्याचं नसतं, ते खोडतो.